जुना डिझेल ट्रक अधूनमधून बंद पडतो, सेल्फ घेत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ रस्त्याच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. केळी भरायला आलेल्या गाड्या, कापसाच्या गाठी नेणाऱ्या गाड्या, खडी-वाळूचे डंपर असं सगळं दारात येतं. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाड्यांची एक तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे: "भाऊ, गाडी चालता चालता बंद पडी गई. दहा मिनिटांनी आपोआप चालू बी झाली." अशा गाडीला काय झालंय हे शोधण्यात मालकाचे पैसे, चालकाची झोप आणि कधी कधी अख्खा माल जातो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. ही उत्तरं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) नव्या गाड्यांना यातलं बॅटरीचं आणि अर्थिंगचं तेवढं लागू पडतं.

डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. मग वायरिंगमुळे ते बंद कसं पडेल?

प्रश्न बरोबर आहे. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर जळण्यासाठी वीज लागत नाही. पण बऱ्याच गाड्यांत डिझेल बंद करण्यासाठी पंपावर एक सोलेनॉइड (वीज मिळाली की दांडी ओढणारी चुंबकी कॉइल) असतो आणि घोटाळा तिथे होतो. तुमच्या गाडीला यातला कोणता प्रकार आहे ते आधी ठरवा, कारण पुढचा सगळा तपास त्यावर अवलंबून आहे.

काही गाड्यांत सोलेनॉइडला वीज मिळत असेपर्यंतच डिझेलची वाट उघडी राहते. रोटरी पंपावर बहुधा हाच असतो. सेल्फ (स्टार्टर) न मारता नुसती चावी फिरवा आणि क्लीनरला पंपाजवळ कान द्यायला सांगा. स्पष्ट 'टक' ऐकू आलं तर हा प्रकार. याची वायर क्षणभर जरी तुटली तरी इंजिन बंद.

काही गाड्यांत उलटं असतं. चावी बंद केल्यावर सोलेनॉइडला वीज मिळते, तो पंपाची दांडी ओढतो आणि इंजिन थांबतं. यात वायर तुटली तर गाडी बंद पडत नाही, उलट बंद होतच नाही. पण त्या वायरला दुसऱ्या एखाद्या चालू वायरचा चटका बसला, इन्सुलेशन घासून दोन्ही तांबी एकमेकांना लागली, तर चालती गाडी थांबते.

तिसऱ्या प्रकारात केबलची दांडी हाताने ओढून इंजिन बंद करायचं असतं. अशा गाडीला दुसरा कुठलाही इलेक्ट्रिक कट-ऑफ बसवलेला नसेल, तर ती वायरिंगमुळे बंद पडू शकत नाही. इलेक्ट्रिशियनकडे जाऊ नका, डिझेलची लाइन तपासा. मी अशा गाड्या दारातूनच परत पाठवतो.

रस्त्यात बंद पडली तर वीज गेली की डिझेल तुटलं, हे कसं ओळखायचं?

ती कशी बंद पडली ते आठवा. डिझेल तुटताना गाडी आधी सांगते. ओढ कमी होते, धक्के बसतात, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग चढत नाही, मग हळूहळू दम सोडते. वीज तुटते तेव्हा कुणीतरी चावी फिरवावी तशी गाडी एकदम थांबते, आधी एकही धक्का नाही. हा फरक चालकाला नक्की कळतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

गाडी कडेला घेतली की चावीला हात लावू नका. चावी बंद-चालू केली की अर्धा पुरावा नाहीसा होतो. तीस सेकंद द्या आणि डॅशबोर्डकडे बघा. इंजिन बंद असताना चावी चालू असेल, तर ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा पेटलेला हवा. दोन्ही विझलेले असतील तर मुख्य पुरवठा तुटला आहे: बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा चावीचा स्विच. दिवे पेटलेले आहेत, पण नंतर चावी बंद-चालू केल्यावर पंपाजवळ 'टक' नाही, तर स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर, त्याचा फ्यूज किंवा खुद्द सोलेनॉइड. दिवेही आहेत, 'टक'ही आहे, तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हँड पंप मारून बघा. तो पोकळ लागला, फिल्टरचा स्क्रू सैल केल्यावर फेस आला, तर लाइनने एअर घेतली आहे.

आणखी एक गोष्ट, जी वायरिंगवाले विसरतात. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र मातीने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि गाडी तास-दीड तास चालून बंद पडते. झाकण उघडताना 'फुस्स' असा हवा आत जाण्याचा आवाज आला तर तेच समजा. हा बिघाड हुबेहूब 'गरम झाल्यावर बंद पडते, थांबलं की चालू होते' असाच वागतो.

दुकानात आणली की गाडी छान चालते. चालक काहीतरी लपवतोय का?

हा प्रश्न मला मालक हळू आवाजात विचारतात. माझं उत्तर: चालकावर विश्वास ठेवा. अधूनमधून येणारा बिघाड कंप, उष्णता आणि भार या तिघांमुळे येतो, आणि दुकानात उभ्या गाडीला यातलं काहीच नसतं.

एका गाडीचा सल मला अजून आहे. चोपड्याकडून केळी भरून शिरपूरमार्गे इंदूरकडे जाणारी गाडी. पळासनेर सोडलं की बिजासन घाटाच्या चढाला बंद पडायची, तीही रोज नाही. मी सोलेनॉइड बदलला. महिन्याने पुन्हा तेच. दुसरा सोलेनॉइड लावला. मालकाने तोवर फिल्टर, फीड पंप सगळं बदललं होतं आणि पंप कॅलिब्रेशनला नेऊन आणला होता. मे महिन्यात एकदा गाडी घाटात चार तास उभी राहिली, घड काळे पडले आणि मालकाने चालकाला कामावरून काढलं. त्याला वाटलं, पोरगं कुठेतरी झोपून राहतं आणि गाडीचं नाव सांगतं.

नवा चालक आला, गाडी तशीच बंद पडली. मग मी फायरवॉलपासून (केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यापासून) पंपापर्यंतची वायर बोटांत धरून इंच-इंच ओढत गेलो. जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) पत्र्याच्या क्लिपातून वळतो, तिथे वायर रबरासारखी ताणली गेली. चांगली वायर ताणली जात नाही, आतलं तांबं तिला ताणू देत नाही. ब्लेडने इन्सुलेशन चिरलं. वरून ते अगदी अखंड होतं, एक ओरखडा नाही. आत सगळे तार तुटून काळे पडले होते, दोन तारा टोकाला टोक टेकून होत्या. सपाट रस्त्याला टेकलेल्या राहायच्या. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिन वाकायचं, हार्नेस ओढला जायचा आणि टोकं सुटायची. चार इंचांची वायर होती ती. पहिल्याच दिवशी मी ती ओढून बघायला हवी होती. त्या पोराला मालकाने परत बोलावलं, पण तोवर त्याने दुसरी गाडी धरली होती.

तेव्हापासून मी असल्या गाडीला आधी एक दिवा बांधतो. पंपाच्या सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक वायर आणि पंपाच्याच बॉडीच्या बोल्टवरून दुसरी, अशा दोन वायरी केबिनमध्ये आणायच्या आणि चालकाला दिसेल असा लहान बल्ब लावायचा. टर्मिनलकडच्या वायरला दोन अँपिअरचा फ्यूज घाला. बल्बची अर्थ केबिनच्या पत्र्याला देऊ नका. इंजिनाचीच अर्थ तुटत असेल तर तसा बल्ब ती चूक दाखवणार नाही. चालकाला एवढंच सांगा: गाडी बंद पडली त्या क्षणी बल्ब पेटलेला होता की विझला होता? विझला तर वायरिंगमध्ये शोधा. पेटलेला राहिला तर सोलेनॉइड किंवा डिझेल. वीज दिल्यावर बंद करणाऱ्या प्रकारच्या सोलेनॉइडला अर्थातच उलटं वाचायचं: चालत्या गाडीत बल्ब पेटला की चोर सापडला. दोन फेऱ्यांत जे कळतं ते दुकानात आठवडाभर बसून कळत नाही.

सगळे म्हणतात 'अर्थिंग बघा'. म्हणजे नेमकं काय बघायचं?

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेला प्रत्येक अँपिअर निगेटिव्हला परत यायला हवा. परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांच्यात एक जाड पट्टी किंवा केबल लावलेली असते. इंजिन उतरवून चढवताना ती विसरली जाते, किंवा रंग मारलेल्या चेसिसवर तशीच आवळली जाते. रंगातून वीज जात नाही.

आता हिशेब बघा. सेल्फ मारताना मोठं डिझेल इंजिन चारशे अँपिअर सहज ओढतं. परतीच्या रस्त्यात फक्त ०.००५ ओहमचा अडथळा असला, जो साध्या मीटरवर दिसतही नाही, तरी ४०० गुणिले ०.००५ म्हणजे २ व्होल्ट तिथेच संपले. बारा व्होल्टच्या गाडीत सेल्फला दहासुद्धा उरत नाहीत. म्हणून मीटर ओहमवर लावून 'कंटिन्युइटी आहे' असं म्हणण्याला अर्थ नाही. भार चालू असताना व्होल्टच मोजायचे.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (लगवर, म्हणजे केबलच्या टोकावर नाही, खांबाच्या शिशावर) आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर. पंपाचा डिझेल बंद ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थिंग चांगली. पाऊण-एक व्होल्ट आला तर रात्र पडायच्या आत काम करून घ्या. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या नटपर्यंत मोजा, तिथे ०.५ च्या आत हवं. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या गाडीत हे आकडे साधारण दुप्पट धरा, आणि दोन बॅटऱ्या जोडणारी मधली केबलही मोजा. तिला कुणी हात लावत नाही आणि ती बऱ्याचदा आतून कुजलेली निघते.

मीटर नसेल तर एक खूण: सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागते का बघा. लागत असेल तर इंजिनाची अर्थ गेली आहे आणि सेल्फचा करंट त्या बारीक केबलमधून परत येतो आहे. मी अशा केबलचं कव्हर वितळून धूर निघालेला पाहिला आहे. मालक केबल बदलतात, तीही वितळते.

दुरुस्ती सोपी आहे. बोल्ट काढा, लग आणि चेसिस दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी साफसफाई, मग ग्रीस. शंका असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट सेल्फच्या बोल्टवर एक जास्तीची जाड केबल टाकून द्या. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीला मी ती न विचारता सुचवतो.

सेल्फ मारला की नुसतं 'टिक' होतं. बॅटरी गेली का?

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे पार मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि 'टिक' झालं, तर बॅटरी निर्दोष आहे. सेल्फच्या वरच्या सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडलेत किंवा सेल्फच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज देणारे कार्बन संपलेत. अशा वेळी सेल्फला पान्याने हळू ठोकलं की गाडी घेते. त्या ठोकण्यावर सहा महिने गाडी चालवणारे लोक मला माहीत आहेत. करू नका. संपलेला कार्बन ठिणग्या पाडून आर्मेचर खराब करतो आणि मग स्वस्तातलं काम महागात जातं.

'टिक-टिक-टिक-टिक' असा भराभर आवाज वेगळा. तो जवळजवळ नेहमी कमी व्होल्टेजचा असतो.

सकाळी एका दमात चालू होते, पण दुपारी ढाब्यावर थांबून परत मारली की सेल्फ जड ओढतो. असं का?

हा आपल्या भागातला खास उन्हाळी प्रश्न आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्यात बंद केलेल्या इंजिनाची उष्णता सेल्फवर चढते, कारण हवा फिरत नाही. तांबं दर दहा अंशांना सुमारे चार टक्के जास्त अडथळा करतं. तीस अंशांवरून एकशेदहावर गेलेल्या कॉइलचा अडथळा तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि त्यामुळे तिची ओढ कमी होते. निरोगी सेल्फ एवढं सोसतो. पण बुश (आर्मेचरचे टेकू) झिजलेले असतील तर आर्मेचर एका बाजूला घासतं, अर्थ कच्ची असेल तर दोन व्होल्ट आधीच गेलेले असतात, आणि मग गरम सेल्फ हार मानतो.

डिझेलच्या सोलेनॉइडचंही हेच गणित आहे. त्याची कॉइल इंजिनाच्या अंगाला तापत असते. तिला बारा-साडेबारा व्होल्ट मिळत असतील तर ती धरून ठेवते. जुनाट स्विच आणि गंजलेल्या फ्यूजमधून तिथे दहाच पोचत असतील, तर एखाद्या खड्ड्यात ती सुटते. म्हणून नवा सोलेनॉइड घेण्याआधी त्याच्या टर्मिनलवर चावी चालू असताना व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्ट कमी दिसला तर पैसे सोलेनॉइडवर घालू नका, वाटेतला चोर शोधा.

हिवाळ्यात उलट होतं. पहाटे चालू होत नाही. हीटर प्लग गेले असतील?

धुळ्याकडे थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा ही तक्रार येते. पण थेट इंजेक्शनच्या बऱ्याच जुन्या ट्रक इंजिनांना हीटर प्लग नसतातच. आधी आहेत का ते बघा. नसतील तर थंडीत अर्धमेली बॅटरी, घट्ट ऑइल आणि हळू फिरणारा सेल्फ हेच कारण. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं नाही तर दाबाने हवा तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय पण इंजिन घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोचतंय, पेटत नाही.

बॅटरी नवीन टाकली, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की उतरते.

नवी बॅटरी आणि जुना रोग. आधी चार्जिंग बघा. गाडी मध्यम वेगावर चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, २४ व्होल्टच्या गाडीत २७.६ ते २८.८. कमी असेल तर पट्टा सैल, अल्टरनेटरचे कार्बन किंवा कटआऊट (व्होल्टेज रेग्युलेटर). बारा व्होल्टच्या गाडीत पंधराच्या वर जात असेल तर कटआऊट बिघडला आहे, तो बॅटरीचं पाणी उकळवून संपवतो.

चार्जिंग बरोबर असेल तर गळती शोधा. सगळं बंद करा, निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व खांब यांच्यामध्ये अँपिअर मीटर लावा. दहा अँपिअरच्या खाचेत लावा आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. साध्या जुन्या गाडीत काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसायला नको. अर्धा-एक अँपिअर दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सुटी करा. आकडा पडला तर त्याचा डायोड फुटला आहे आणि रात्रभर बॅटरी उलटी पिऊन टाकतो आहे.

बॅटरीचा दम मोजायचा तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाता कामा नये. आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने प्लेटा मारल्याची किती उदाहरणं सांगू?

जास्तीचे दिवे, पंखा, टेप, जीपीएस लावल्याने गाडी बंद पडू शकते का?

हो, आणि आजकाल हेच कारण वाढत चाललं आहे. फिटिंग करणारा 'चावीवर चालू होणारी वायर' शोधतो. जवळ सापडते ती बहुधा डिझेलच्या सोलेनॉइडचीच. तो तिचं इन्सुलेशन सोलतो, तार गुंडाळतो, टेप मारतो आणि जातो. एक-दीड अँपिअरसाठी केलेल्या त्या वायरवर आता एलईडीची पट्टी, पंखा आणि मोबाइलचा चार्जर. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, गुंडाळी सैल होते. पंखा खराब झाला की फ्यूज उडतो आणि त्याच फ्यूजवर इंजिन असतं.

काही जीपीएसच्या डब्यांत गाडी दूरवरून बंद करण्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो, तोही याच वायरमध्ये कापून बसवलेला. रिले खराब झाला की गाडी मध्येच थांबते. अशा गाडीला मी आधी सगळी जास्तीची फिटिंग सोडवून मूळ वायर सोल्डर करून देतो. दोन फेऱ्या तशा मारा, मग बोलू. जास्तीच्या वस्तूंना बॅटरीवरून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि एक रिले द्या. चावीच्या वायरने फक्त रिले उचलायचा.

चावीच्या रिंगला घराच्या, टाकीच्या, टूलबॉक्सच्या दहा चाव्या आणि देवाचं लॉकेट लटकवलेलं असेल तर ते काढा. ते वजन वर्षानुवर्षं स्विचच्या आतले संपर्क खात असतं. चावी किंचित हलवल्यावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले तर स्विच बदलायला झाला आहे.

घाटात चढावर बंद पडली तर आधी काय करायचं?

बिघाड नंतर. आधी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका आणि क्लीनरला चाकामागे ठोकळा लावायला सांगा. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत आहे तेवढ्याच हवेवर ब्रेक लागणार, म्हणून पंपासारखं पुन्हा पुन्हा दाबू नका. ज्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, त्यांत पट्टा तुटला तर चार्जिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही एकदम जातात. तिथे चार्जिंगचा लाल दिवा पेटला की उतार सुरू व्हायच्या आत थांबा. कोंडाईबारी असो की बिजासन, चालू करून बघू म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी मागे सोडण्याचा विचारही करू नका. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही दगडासारखं झालेलं असतं.

बॅटरीवरून सोलेनॉइडला थेट वायर देऊन घरापर्यंत येता येईल का?

येईल. वीज मिळाल्यावर चालणाऱ्या प्रकारात बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून पाच अँपिअरचा फ्यूज घालून एक वायर सोलेनॉइडच्या टर्मिनलला द्या. मूळ वायर काढून टेप मारून ठेवा. गाडी चालू राहील, पण चावीने बंद होणार नाही. ती वायर काढली की बंद होईल. हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगा. दुरुस्ती होईपर्यंतच हे चालवा, कारण अपघात झाला तर इंजिन बंद करायला वेळ मिळत नाही.

वीज दिल्यावर बंद होणाऱ्या प्रकारात तर नुसती त्याची वायर काढून ठेवली तरी पुरे. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही, तर भटका करंट हेच कारण ठरलं. बंद करायला पंपाची दांडी हाताने ओढा.

सेल्फच्या दोन नटांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून गाडी चालू करण्याची सवय मात्र मोडा. गाडी गिअरमध्ये असली तर ती उडी मारून समोरच्याच्या अंगावर जाते. करणारा माणूस नेमका चाकाजवळ वाकलेला असतो.

मिस्त्री चालू गाडीत बॅटरीची केबल काढून डायनामो तपासतो. चालतं का?

नाही. जुन्या डायनामोच्या काळातली ती पद्धत होती. अल्टरनेटरला बॅटरी आधारासारखी असते. केबल काढली की व्होल्टेज एका झटक्यात उसळतं आणि डायोड, कटआऊट, टेप, जीपीएस जे सापडेल ते जाळतं. मीटर लावा, दोन मिनिटांचं काम आहे. बॉडीवर वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या केबल काढा, अल्टरनेटरच्या वायरी सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेला लागूनच द्या. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

सगळी वायरिंग बदलून टाकली तर कटकट संपेल का?

मी शक्यतो नको म्हणतो. कंपनीच्या हार्नेसमध्ये वायरींचे रंग ठरलेले असतात, कनेक्टर जागच्या जागी असतात. रस्त्यावर केलेल्या नव्या वायरिंगमध्ये सगळ्या वायरी लाल आणि काळ्या, आणि पुढचा इलेक्ट्रिशियन आंधळा होतो. उंदरांनी कुरतडलेली, जळालेली किंवा पाच ठिकाणी सांधलेली गाडी असेल तरच बदला. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर फार. शिवाय रुई अल्टरनेटरच्या जाळीत बसून तो तापतो, महिन्यातून एकदा हवा मारा. केळीच्या गाड्यांत घडांतून झिरपणारं पाणी आणि चीक बॅटरीच्या पेटीवर पडतो का ते बघा. पडत असेल तर वर रबरी मॅट टाका.

गाडीत कायम काय ठेवावं?

बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मीटर, प्रत्येक मापाचे चार फ्यूज, दोन मीटर वायर, पॉलिश पेपर, बॅटरीच्या नटला बसणारा पाना आणि फॅन बेल्ट. शिवाय एक वही. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, जागा, चढ की सपाट, किती तास चालली होती, पाऊस की ऊन, दिवे पेटलेले होते की विझलेले, परत किती मिनिटांनी चालू झाली, एवढं चालकाने लिहायचं. माझ्याकडे येताना ही वही घेऊन या आणि चालकालाही सोबत आणा.